फाशातली कौलाई

खेळासाठी काल्पनिक जग रचणाऱ्या मंडळात दाभाडेसरांचा शब्द शेवटचा. शर्विलाचे तीन देव त्यांनी मोडीत काढले होते, तरी चौथी देवी तिने हट्टाने आणलीच: फाशात राहणारी कौलाई.

"ना देऊळ, ना पुजारी, ना चमत्कार!" सर हसले. "हिला भजणार कोण? ज्याला भक्त नाही तो देव बाद, हा माझा नियम."

"एक भक्त दाखवला तर?"

"तर देवी कायम."

"मग आजचा पहिला फासा टाका, सर."

सरांनी नेहमीसारखा फासा मुठीत धरला, कपाळाला लावला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि टाकला.

किती पडले, ते शर्विलाने पाहिलंही नाही. "आत्ता कोणाला विनवलंत, सर?" असं विचारत तिने कौलाईच्या भक्तांत पहिलं नाव लिहून टाकलं.