टिकलूचा दोरा

एक होता कोळी. तिळाएवढा. नाव टिकलू.
मालनमावशीच्या खिडकीत त्याचं जाळं.
मावशीनं केरसुणी फिरवली. खर्र खर्र! टिकलूचं घर गेलं.

"उडत जातो. नवं घर शोधतो," टिकलू म्हणाला.

तुरुतुरु तुरुतुरु, गेला गवताकडे.
"गवतदादा, ताठ हो. तुझ्या शेंड्यावरून मला उडायचंय."
"माझ्या हातात काय आहे बाबा? पाठीवर दव बसलंय. त्याला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु, गेला दवाकडे.
"दवताई, दवताई, गवत उठेना, मी उडू कसा?"
"मी आपणहून जात नसते. ऊन पडलं की जाते. तशी पद्धतच आहे."

तुरुतुरु तुरुतुरु, गेला अंगणात. मान वर केली.
"सूर्यकाका, सूर्यकाका, दव हटेना, गवत उठेना, मी उडू कसा?"
"मी केव्हाचा तयार आहे! ढगच मध्ये उभा. त्याला विचार."

तुरुतुरु तुरुतुरु, गेला हौदावर. पाण्यात ढग दिसला.
"ढगोबा, ढगोबा, ऊन पडेना, दव हटेना, गवत उठेना, मी उडू कसा?"
"आमच्या घराण्यात कोणी स्वतः चालत नाही. वारा ढकलतो."

तुरुतुरु तुरुतुरु, गेला खुराड्यामागे. वारा लोळत होता.
"वारेराव, वारेराव, ढग सरेना, ऊन पडेना, दव हटेना, गवत उठेना, मी उडू कसा?"
वाऱ्यानं जांभई दिली.
"आधी दोरा दाखव. दोरा नाही, तर वारा नाही. कोणी सांगितलं नाही?"
"कोणीच नाही!"
टिकलू वळला. आता दोरा कोणाकडे मागू?
मग थबकला. अरेच्चा! दोरा तर माझ्याच पोटात!

टिकलू चवड्यांवर उभा राहिला. ढुंगण वर केलं. सर्रर्र! दोरा निघाला. चकचकीत, लांबच लांब.

वारा उठला. सूं सूं!
ढग सरला.
ऊन पडलं.
दव हटलं.
गवत उठलं. टुणकन!
टिकलू शेंड्यावर चढला. सर्रर्र! दोरा सोडला. आणि उडाला, भुर्रर्र!

खाली एकच गलका. "माझ्यामुळे उडाला!" "छे, माझ्यामुळे!"

टिकलू उतरला मागच्या दारी. खुंटीवर काहीतरी टांगलेलं. ऐसपैस, काड्याच काड्या. टिकलूनं भराभर जाळं विणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी ओरडली, "अहो नाना, केरसुणीलाच जाळं! आता केरसुणी कशानं झाडू?"
"दुसऱ्या केरसुणीनं," नाना म्हणाले.
"ती कुठंय?"
"बाजारात."
"आणि बाजार?"
"चार दिवसांनी."
"मग राहू दे मेल्याला!"

खुंटीवर केरसुणी, केरसुणीवर टिकलू.
गोष्टीचा दोरा इथेच गुंडाळू.