दोन मध्यम नांग्या

त्या राज्यात प्रत्येक खेकड्याला एकच आकडा मिळे. पिल्लू शिकण्याजोगे झाले की मोजणीदार त्याच्या दोन्ही नांग्या मापत, मापांची बेरीज करून निम्मी करत आणि येईल तो आकडा तिवराच्या पानावर कोरून आईच्या हवाली करत. पुढे बीळ त्याच आकड्याचे आणि शिकवणीही त्याच आकड्याची. बहुतेकांच्या दोन्ही नांग्या सारख्या असल्यामुळे कारभार झकास चालला होता.

बिट्टी नावाच्या पिल्लाची तऱ्हा मात्र वेगळी होती. तिची उजवी नांगी तिच्या अख्ख्या अंगाहून मोठी होती. थोरामोठ्यांनी नाद सोडलेले शिंपले ती एका दणक्यात उघडी. डावी नांगी काडीएवढी, आणि उजवी काही तोंडापर्यंत वळत नसे, म्हणून सगळे जेवण त्या काडीनेच. इतर पिल्ले जेवून खेळायला जात, तेव्हा बिट्टीचा तिसरा घास चाललेला असे. अर्ध्या शेजारणी म्हणत, पोर अचाट आहे हो. उरलेल्या अर्ध्या म्हणत, एवढी दांडगी नांगी असून जेवायला दुपार होते म्हणजे नुसती नाटकं. आई दोन्हीकडचे ऐकून घेई आणि काळजी करी.

मोजणीला खुद्द आडवेराव आले. ते राज्याचे मुख्य मोजणीदार. आयुष्यात एकदाही सरळ चालले नव्हते, पण बेरीज कधी चुकली नव्हती. बिट्टीची उजवी नांगी भरली नऊ शिंपले आणि डावी भरली एक. नऊ नि एक दहा, निम्मे पाच. त्यांनी पानावर कोरले, ‘दोन मध्यम नांग्या. आकडा पाच.’ आणि सगळे कसे अगदी बेताचे आहे म्हणून आईचे अभिनंदनही केले.

आई म्हणाली, “रावसाहेब, यातली एकही नांगी माझ्या पोरीची नाही. दोन्ही वेगवेगळ्या लिहा ना.”

आडवेरावांनी शांतपणे समजावले की पानावर जागा एकाच आकड्याची आहे. शिवाय नऊ लिहिले तर पोर शेफारेल, एक लिहिले तर घराण्याची शोभा होईल. पाचाने कोणाचेच काही बिघडत नाही.

तिसऱ्या दिवशी उधाणाची भरती होती. अशा भरतीत उघड्यावर राहिलेले पिल्लू थेट समुद्रात ओढले जाई, म्हणून पाणी चढायच्या आत प्रत्येकाने आपापल्या बिळात शिरायचे असा दंडक होता. पाच आकड्याचे बीळ मोठे देखणे होते. बिट्टीची डावी नांगी त्यात खुळखुळली आणि उजवी तोंडाशीच अडकली. रखवालदाराने पान वाचले, बिट्टीकडे पाहिले, पुन्हा पान वाचले. दोन मध्यम नांग्या लिहिल्या आहेत आणि हिच्याजवळ तर एकही नाही. म्हणजे हे दुसऱ्याच कोणाचे पिल्लू.

“बाई, पानावरचं पिल्लू घेऊन या,” तो अदबीने म्हणाला, “या क्षणी आत सोडतो.”

बीळ रिकामे ठेवायची सोय नव्हती. म्हणून त्याने पानच आत सारले, तोंडाला चिखलाचा बोळा लावला आणि ‘भरले’ अशी खूण करून तो पुढे गेला.

पाणी चढू लागले. आईला स्वतःचाच राग आला. तीन दिवस ती पानाशी भांडत होती, पण पोरीला काही विचारलेच नव्हते.

“तुला कसं जमेल, सांग.”

बिट्टी म्हणाली, “उजवीने फोडते, डावीने उकरते. पण मला घाई करू नकोस.”

वरच्या काठावरची माती दगडासारखी टणक होती. तिथे बीळ खोदायच्या भानगडीत कोणी पडत नसे. बिट्टीने ती दणादण फोडली आणि मग काडीएवढ्या नांगीने एकेक कण बाहेर काढत बसली. पाणी आईच्या पायांना लागले, मग पोटाला लागले. “आटप” हा शब्द तिच्या ओठांपर्यंत दहादा आला आणि दहाही वेळा तिने तो गिळला. आयुष्यात इतके अवघड काम तिने कधी केले नव्हते. पाठीवरून पहिली लाट गेली तेव्हा बिट्टीने तिला आत ओढले. बीळ अगदीच वेडेवाकडे होते, एका अंगाला ऐसपैस आणि दुसऱ्या अंगाला चिंचोळे. दोघी त्यात बरोब्बर मावल्या.

भरती ओसरल्यावर आडवेराव तपासणीला आले. पाच आकड्याच्या बिळाचा बोळा त्यांनी काढला. आत पान कोरडेठाक होते. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि मान डोलावली. पिल्लू गुणी आहे, बिळात नीट बसते, प्रगती अपेक्षेप्रमाणे, असा शेरा त्यांनी कोरला.

“पाहिलंत, बाई?” काठावर चिखलाने माखून उभ्या असलेल्या आईला ते म्हणाले. “उगाच जीव टांगणीला लावलात.”

आईच्या मागे बिट्टीचा तिसरा घास चालला होता.

मग आडवेरावांनी पानापुढे दुपारचे जेवण वाढायला लावले आणि ते वेळेत संपवते की नाही, हे पाहायला एक रखवालदार बसवला.