खारीने ढोली सोडली

झाडांनाही वाचा होती, त्या काळची गोष्ट. एका वडावर म्होरक्या वानर सर्वांना राहण्यास फुकट ढोल्या देई. मोबदला काही नाही, रोज सकाळी फक्त आपुलकीने विचारपूस करी, "काय शेवंताबाई, काल चारोळ्या कुठे मिळाल्या?" शेवंता खार भाबडेपणाने सांगे, आणि दुसऱ्या दिवशी वानरे ते झाड ओरबाडून टाकीत. पावसाळा तोंडावर आला, तरी पिलांसाठी तिची बेगमी मूठभरही झाली नाही.

अखेर देवाचे नाव घेऊन तिने पिले उचलली आणि ओढ्याकाठच्या बोरीवर बिऱ्हाड केले. काटे बोचत, वारा लागे. पण बोर काही विचारीत नसे.

वडावरची साळुंकी हसली. "वहिनी, सारे जग इकडे आणि तुम्ही काट्यांत? भेटायला कोण येणार?"

"ज्याला मी हवी आहे, तो येईल."

आता चारोळीचे झाड तिचे तिलाच ठाऊक होते. पंधरा दिवसांत बेगमी पुरी झाली. मग एका सकाळी साळुंकीच धापा टाकीत आली.

"वहिनी, वरची फांदी रिकामी आहे का?"

"का हो? वडावर काय कमी पडले?"

"काही नाही. आज त्याने आपुलकीने विचारले, अंडी किती घातलीत म्हणून."