नळ पलीकडे आहे

"पण महाराज, मठाला हातसुद्धा लागत नाहीये. अंगणाचा कोपरा तेवढा जातोय. मग संमतीची सही का देत नाही?"

विचारणारा शिवदास कुरणे. याच मठात वाढलेला, याच महाराजांच्या, रतनगिरी गोसाव्यांच्या, हातच्या भाकरी खाऊन इंजिनियर झालेला. शहराच्या पोटातून जाणारा अडीच किलोमीटरचा द्रुतगती रस्ता त्याने आखला होता. त्याची चुन्याची फक्की सकाळीच अंगणातून मारून झाली होती.

"अकरा मिनिटं वाचणार आहेत, महाराज!"

"कुणाची?"

"गाड्यांची. सात दिवस चौकात माणसं बसवून मोजल्यात. एक सुटली नाही."

"आणि आडवे जाणारे?"

"आडवा रस्ताच नाही इथं."

"रस्ता नाही, माणसं विचारतोय."

मोजणीच्या तक्त्यात पायी आडवं जाणाऱ्यांचा रकानाच नव्हता. शिवदासने ते सांगितलं नाही. नुसता घसा साफ केला. शिकलेल्या माणसाला अशा वेळी खोकला बरा येतो.

महाराजांनी रिकामी कळशी पुढे केली.

"पाणी आण."

नळ समोरच होता, फक्कीपलीकडे वीस पावलांवर. मठामागची सगळी वस्ती तिथंच पाणी भरायची. शिवदास निघाला.

"थांब. या फक्कीवर काय बांधणार म्हणालास?"

"दोन्ही अंगांनी भिंत. पुरुषभर उंच."

"मग भिंतीतनं कसा चाललास?"

"पायी जाणाऱ्यांसाठी भुयारी मार्ग ठेवलाय मी!"

"मग तिथनं जा."

भुयारी मार्गाची खुंटी सव्वा किलोमीटरवर होती. शिवदासही हट्टाचा. खुंटीपर्यंत गेला, पलीकडून उलटा नळाशी आला आणि भरली कळशी घेऊन तसाच परत निघाला. डोक्यावर वैशाखाचं ऊन होतं.

तेवढ्या वेळात वस्तीतल्या बायका हंडे घेऊन फक्की तुडवत तीनदा येऊन गेल्या.

सव्वा तासाने शिवदास अंगणात आला. सदरा भिजलेला, कळशी अर्धी.

"पाय दुखले?"

"दुखले."

"तक्त्यात लिही."

महाराजांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. सगळी कळशी फक्कीवर ओतली. चुना वाहून गेला.

शिवदास आधी भडकला. मग त्याने आवाज खाली आणला. म्हाताऱ्याला तो ओळखत होता.

"महाराज, नकाशा मंजूर होऊन आलाय. आता माझ्या हातात काही नाही. सही नसेल तर उद्या सकाळी साहेब पोलीस घेऊन येतील. उचलून नेतील तुम्हाला... मी त्यांना काय सांगू?"

महाराज उठले. रिकामी कळशी त्यांनी काखेला लावली आणि ओल्या चुन्यात पाय रोवून उभे राहिले.

"सांग, म्हातारा पाण्याला गेलाय... आणि परत इथनंच येणार आहे."