चाळीस जोड्या आणि एक कोरा कागद

"मग सांग, या दोघांत थोर कोण?"

भिवनाथबाबांनी पोथीतल्या पानावर बोट ठेवलं, तसा त्यांचा शिष्य विश्वंभर पुढे सरकला.

बारा वर्षं बंदरावर बसून, परमुलखातल्या खलाशांकडून ऐकून ऐकून त्याने जगाचा इतिहास लिहिला होता. नुसत्या लढाया नव्हेत, माणसांची आयुष्यं. चाळीस जोड्या. इकडची एक विधवा राणी, हबशांच्या मुलखातली एक. इकडचा एक कुंभार, चीनचा एक. आणि प्रत्येक जोडीखाली निवाडा, कोण थोर त्याचा.

उद्या दरबारात वाचन. पण गुरूची लेखी संमती असेल तरच.

"कुंभारांत आपला थोर," तो म्हणाला. "खाली लिहिलंय की."

"चीनच्या कुंभाराचं किती दिवस ऐकलंस?"

"एक दुपार. जहाज लागलं होतं तेवढी."

"आणि आपल्याचं?"

विश्वंभरने पोथीची कड सारखी केली.

"...तो माझा मामा."

बाबा हसले नाहीत. हसले असते तर बरं, असं त्याला वाटून गेलं.

"चुकलं असेल एखादं, बाबा! बाकीच्या एकोणचाळीस आहेत ना? दरबार कुणासाठी खोळंबत नाही. संमती द्या."

त्याने शेवटचा कागद पुढे केला. सगळ्या पोथीत, नि बाबांच्या घरातही, तेवढाच कोरा, बाबांच्या चार ओळींसाठी राखलेला.

बाबांनी टाक शाईत बुडवला.

तोच खालच्या कोळीवाड्यातली चंद्रा धापा टाकत दारात आली.

"बाबा, भावजयीच्या बाळाची आज सटी, सहावा दिवस. सटवाई नशीब लिहायला येणार, आणि घरात कोरा कागद म्हणून नाही. दिवस कलला हो... आधीची दोन पोरं याच दिवशी गेली."

विश्वंभरने घाईघाईने मामाचं पान ओढून काढलं. "हे घे. मागची बाजू कोरी आहे."

चंद्रा दोन पावलं मागे सरली.

"लिहिलेलं कसं चालेल, दादा? दुसऱ्याचं आयुष्य आमच्या पोराच्या उशाला ठेवू?"



बाबांनी कोऱ्या कागदाचं टोक धरलं. दुसरं टोक विश्वंभरच्या चिमटीत. बाबांनी ओढलं नाही. नुसते धरून बसले.

बाहेर ऊन उतरत होतं. चंद्राचे डोळे कागदावर.

...चिमूट सुटली.

बाबांनी कागद तिला दिला. वर टाकही दिला. ती उतारावरून धावत सुटली.

"बारा वर्षं पाण्यात गेली!" विश्वंभरचा आवाज फाटला. "पाठकोऱ्या पानावरची संमती दरबार मानत नाही. आता कशावर लिहिणार, बाबा?"

"त्याच कागदावर. सटवाईचं लिहून झालं की तू जा, त्या पोराचं आयुष्य वाच, एका दुपारीत नव्हे, पुरतं, आणि घेऊन ये. खाली जागा उरली असली, तर लिहितो."