जीपच्या इंजिनातला काळा चिखल

घाटाखालच्या एका गावात तानूबाई राहायची, तिचा मुलगा गेनू राहायचा आणि दारात त्यांची वडापाची, म्हणजे गावोगाव प्रवासी नेणारी, जीप राहायची. जीप पळाली की घरात चूल पेटायची.

एक दिवस जीप चढावर बंद पडली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात इंजिन उघडलं, तर ऑइल वेळेवर न बदलल्यावर साचतो तसा आत नुसता काळा चिखल! वॉरंटी अजून वर्षभर होती. पण मॅनेजर सर्व्हिसची पुस्तिका आपटून म्हणाला, "दसऱ्यापासून दोनदा आम्ही ऑइल बदललं, फिल्टरही बदलला. हे बघा शिक्के! तुम्हीच मागनं भेसळीचं ऑइल ओतलंत. वॉरंटी रद्द!"

नवं इंजिन घ्यायचं तर घरच विकावं लागलं असतं.

तानूबाई पुढं झाली. "साहेब, दोन्ही वेळा फिल्टर नवा घातला ना?"

"नवाकोरा! लिहून देतो, आजी."

"लिहिता कशाला? दाखवाच की."

मेकॅनिकनं फिल्टर काढून फडक्यानं पुसला. त्यावर शेंदराचं स्वस्तिक होतं.

"दसऱ्याला गाडी पुजताना मीच काढलंय ते," तानूबाई म्हणाली. "आता सांगा साहेब, तुमच्याकडं नव्या फिल्टरवर शेंदूर आपोआप उगवतो का?"

मेकॅनिकनं पाना खाली ठेवून म्हातारीला हात जोडले. गेनू तर आईकडं बघतच राहिला. जन्मभर तिच्या हातचं जेवून त्याला ही बाई कळलीच नव्हती.

मॅनेजरनं वॉरंटीच्या कागदावर सही केली. आठ दिवसांत जीपला नवं इंजिन बसलं, तेही फुकट, आणि मायलेकांचं घर पुन्हा हसतंखेळतं झालं.