दोरीवरची कफनी

"पण हे फडकं दोरीवर टाकलं कुणी, बाबा?"

जालिंदरशेठ ओरडतच भैरूबाबांपुढे येऊन उभे राहिले. मठाच्या ओसरीवर बसलेल्या बाबांनी वर पाहिलं.

शेठजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. किती वर्षं विनवण्या केल्यावर आज कुठे बाबा त्यांना अनुग्रह देणार होते! मठाची रीत अशी की, आपले कपडे उतरवायचे, आडावर आंघोळ करायची आणि दोरीवरची मठाची कफनी घालून मंत्र घ्यायला बसायचं. मग तो भिकारी असो नाहीतर शेठजींसारखा कपड्यांचा कारखानदार. शेठजींनी अंगातला तलम हातमागाचा सदरा उतरवला, कफनी चढवली, आणि तिथंच बिनसलं.

"रंग बघा हिचा! भांडी पुसायच्या लायकीची नाही. आटून गुडघ्यावर आलीय. हात वर केला तर काखेत उसवली!"

"हं."

"आणि मानेला काय टोचतंय हे? कुंपणाची तार शिवलीय की काय?"

खाजवून खाजवून मान लाल झाली होती. कुशीतही एक हातभर पट्टी लोंबत होती. तिच्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं, कसं धुवावं, कसं वाळवावं, इस्त्री कशी फिरवावी. धुतल्यावर कपडा उरणार नाही, एवढंच काय ते लिहायचं राहिलं होतं.

"मागच्या उत्सवाला मी गाडी भरून कफन्या पाठवल्या होत्या, बाबा. भगव्या, कोऱ्या करकरीत. त्या कुठं गेल्या? कुणी लांबवल्या?"

बाबांनी जपमाळेचा एक मणी पुढे ओढला.

"बोला की! माझा माल दडवून मला हे असलं घालायला लावता? ज्यानं हे शिवलं ना, तो चोर आहे चोर! लोकांच्या अंगाला काय होतं, याची त्याला लाज नाही. असल्या माणसाला मठाची पायरी चढू देऊ नये!"

"देऊ नये?"

"मुळीच नाही!"

बाबा उठले. आता त्यांचे डोळे लाल झाले होते.

"बैस. मान खाली घाल."

शेठजी चरफडत बसले. मंत्र कानात सांगतात हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी कान पुढे केला. बाबांनी कानाकडे पाहिलंही नाही. मानेमागची पट्टी चिमटीत धरली आणि हिसका दिला.

कापड टर्रकन फाटलं. पट्टीचा एक धागा हलला नाही.

ती त्यांनी शेठजींच्या ओंजळीत टाकली. सोनेरी दोऱ्यातलं अक्षर न् अक्षर अजून लखलखत होतं.

जालिंदर गारमेंट्स.

...

शेठजींना तोंड वर करवेना. शरमेनं त्यांचे कान तापले होते. ते कसंबसं पुटपुटले, "बाबा... आणि मंत्र?"

"दिला की, ओंजळीत. कफनी उतरवू नकोस, आणि तोच जपत बैस."